हे सारं खोटं आहे बरं

शेवंतावहिनी,

वर्ध्याच्या एका साप्ताहिकाच्या संपादकांनी माझ्याकडे लेख मागितला आहे. विषय त्यांचाच : शरदाच्या दिवसांत आपल्या वाचकांनी काय वाचावं. मी धम्मावरच्या चार पुस्तिका, भूमिहीनांच्या प्रश्नावरची दोन पत्रकं आणि एखादं चरित्र सुचवीन अशी त्यांची अपेक्षा आहे. माझ्याकडून दुसरी अपेक्षा कोण करणार? पण वर्ध्याजवळ नालवाडीच्या माझ्या खोलीत कागद पुढे घेऊन बसलो आणि पहिलं नाव लिहिलं गेलं ते ‘उलट्या नदीचा मुलूख’. म्हणजे तुझ्या पत्र्याच्या पेटीतलं. राक्षस, जादूगार आणि उडती खाट असलेलं.

कागद मी फाडला नाही. म्हटलं, जिने ही शिफारस मला दर शरदाला केली आणि जिचं मी एकदाही ऐकलं नाही, तिला आधी उत्तर देऊ. वाचकांनी मागे उभं राहून ऐकावं. तुझ्या गोष्टी तरी दुसऱ्या कशा ऐकल्या जायच्या?

तू भाद्रपदात गेलीस. मुदतीच्या तापाने. आता आश्विन चालू आहे, आकाश धुतलेल्या ताटासारखं आहे आणि मला तुझा राग येतो आहे. दुःख आहेच, ते मी इथे मांडून दाखवणार नाही. राग याचा, की तू एक कोडं मागे ठेवलंस आणि ते सोडवायला आता तू नाहीस. मी माणूस कसा आहे ते तू जाणतेस. प्रश्न सुटला नाही की मला अन्न गोड लागत नाही.

मी पत्रकांवर वाढलो, याची तू फार थट्टा केलीस. वडनेरच्या आपल्या घराच्या कुडाला बाबांनी सभांची पत्रकं खळीने चिकटवली होती. मी अक्षरं पाटीवर शिकलो नाही, कुडावर शिकलो. ‘बंधुभगिनींनो’ हा मी वाचलेला पहिला शब्द. त्यामुळे माझी समजूत अशी झाली, की कागदावर काही छापायचं ते कोणाला तरी हाक मारून जागं करायला. छापलेलं ते खरं असलंच पाहिजे. नाहीतर शाई कशाला नासायची?

आणि तू आलीस ती नागपुरातून, गिरणीतल्या कामगाराची लेक, लग्नाच्या दोन लुगड्यांखाली पेटीभर फाटक्या कादंबऱ्या लपवून. तुझे वडील बाजारातल्या रद्दीतून त्या निवडून आणायचे. काही हिंदी, काही मराठी, बऱ्याचशांना पुठ्ठा नाही. मी एक उघडून चार पानं चाळली आणि तुला विचारलं, “वहिनी, यात खरं काय आहे?”

तू चुलीत काटक्या सारत म्हणालीस, “काईच नाई. म्हनून तर आनली.”

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही.

ज्या दसऱ्याला आपण सगळे नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलो, त्यानंतरच्या दिवसांत मी किती पेटलेला होतो, आठवतं? मी हिंगणघाटला शिकत होतो, दिवाळीच्या सुटीत घरी आलो होतो. घरातले देव आपण काढले, फळ्या धुतल्या, मायने शेवटचा टाक स्वतःच्या हाताने नदीत सोडला आणि घरी येऊन ज्वारी निसायला बसली. मी तुझ्या पेटीकडे बोट दाखवून म्हणालो, “आता हे राजे आन जादूगारही जाऊ दे. तेही खोटेच.”

तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. रागाने नाही. जसं काही मी चुकीच्या गावाची वाट धरली आहे आणि मला हाक मारावी की नाही याचा विचार करत होतीस.

“भाऊजी,” तू म्हणालीस, “लहानपनी मी देवाले विचारलं, तू खरा आहेस का? तं माही आजी म्हने, विचारू नको, पाप लागते. आता ह्या पुस्तकातल्या जादूगाराले विचारा. तो म्हन्ते, नाई बाई, मी खोटा आहो, पर दोन पानं बस. तुमाले दोघं सारखे दिसतात?”

मला तेव्हा उत्तर सुचलं नाही, म्हणून मी आवाज वाढवला. पत्रकवाल्यांची ही सवय असते.

त्या शरदात शेतात एक गोष्ट घडली. मालकाच्या वावरात वस्तीच्या बाया कापूस वेचायला जायच्या. प्रत्येकीने आपल्या ओळी धरायच्या, त्याला पात म्हणतात; बांधापासून बांधापर्यंत पात संपली की ओटीतला कापूस गाठोड्यात टाकायचा आणि परत फिरायचं. पूर्वी पातीला लागल्या की बाया गाणी म्हणायच्या. पण गाण्यांत देव होते. एकही गाणं असं नव्हतं की ज्यात कुठला तरी देव कुठल्या तरी ओळीत बसलेला नाही. देव सोडले म्हणून बायांनी गाणीही सोडली. मीच तसं सांगितलं होतं आणि ते बरोबरच होतं, हे मी आजही म्हणेन. पण मी बांधावरून पाहिलं, सगळं वावर मुकं झालं होतं. नुसती बोंडातून कापूस निघतानाची खसखस. सखूमाय, जिच्या आवाजाने पलीकडच्या वावरातले बैल कान टवकारायचे, ती मान खाली घालून वेचत होती. नवीन गाणी अजून आलेली नव्हती, ती पुढच्या वर्षी आली.

ही पहिल्या वेच्याची, म्हणजे हंगामातल्या पहिल्या वेचणीची सकाळ. एक-दोन पाती झाल्या आणि मालकाकडून रीतीप्रमाणे सीतादहीचा दहीभात आला. कपाशीची पूजा करून तो वावरात शिंपडायचा असतो. बाया थबकल्या. हात लावावा की नाही, कोणालाच कळेना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालीस, “सीता राहू द्या मालकाकडं, दही आपल्याकडं येऊ द्या. भूक लागली.” आणि शिंपडायचा भात तू पळसाच्या पानांवर वाढलास. माझं भाषण माझ्या घशातच राहिलं. ते चांगलं भाषण होतं, वहिनी.

भात खाऊन पातीला लागल्यावर तू त्या मुक्या वावरात तोंड उघडलंस. गाणं नाही म्हटलंस. म्हणालीस, “एक मुलूख होता. तिथली नदी समुद्रातून निघे आन डोंगरावर जाये.”

इतकंच. आणि सखूमायने मान वर केली. “उलटी?”

“उलटी.”

“मंग धोबी कुठं बसत?”

अशी सुरुवात झाली. नियम तूच केलास : पात चालू असेपर्यंत गोष्ट, पात संपली की बंद. मग भले राजकन्येची मान तलवारीखाली असो. सखूमाय शिव्या द्यायची, वेचणाऱ्यांतली तानी रडकुंडीला यायची, पण बांध आला की तू गप्प. मालकाच्या मुकादमाला कळेना, की या बाया परत पातीला लागायला इतकी घाई कशाची करतात.

मग डोमाजीमामांनी हरकत घेतली. मामा आपल्या वस्तीतले सर्वांत वडील, आणि त्यांनी दीक्षेत प्रतिज्ञा घेतल्यापासून जिभेवर असा पहारा बसवला होता, की कोणी ‘कसे आहात’ विचारलं तर आधी विचार करून मग उत्तर देत. निंबाखाली बैठक बसली.

“शेवंता,” मामा म्हणाले, “आपन खोटं न बोलाची शपथ घेतली. तू बायापोरींले दिवसभर खोटं सांगून राह्यली.”

“मामा, मी कोनाले फसवलं का? सखूमाय, तुले वाटलं का, उडती खाट आहे म्हनून?”

सखूमाय म्हणाली, “मले झोपाले साधी खाट नाई, उडती कुठून मानू?”

लोक हसले. मामा हसले नाहीत. “हासू नका. प्रश्न तत्त्वाचा आहे.” आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “तू शिकलेला आहेस. तू सांग.”

दुसरीकडे कुठे या प्रश्नावर माणसं निंबाखाली जमली असतील असं मला वाटत नाही. ज्यांच्याकडे शेकडो वर्षांच्या पोथ्या आहेत, त्यांना हा प्रश्न पडत नाही. आम्हाला पडला, कारण आम्ही शब्द नव्यानेच हातात घेतला होता आणि तो मळू नये अशी आम्हाला धास्ती होती. मी त्या बैठकीची थट्टा कधीही होऊ देणार नाही. मामांचा प्रश्न खरा होता.

मी उभा राहिलो. आधी राजेशाहीवर थोडं बोललो. मग निकाल दिला : ऐकणाऱ्याने विश्वास ठेवावा म्हणून बोललं जातं ते खोटं. तेव्हा शेवंतावहिनीने रोज गोष्ट सुरू करण्याआधी सगळ्यांसमोर स्पष्ट सांगावं, की हे खोटं आहे. मग प्रतिज्ञा मोडत नाही. मला हा निकाल तर्काला धरून वाटला. अजूनही वाटतो.

“बस, येवढंच?” तू म्हणालीस. “पोथ्यांनी हे एक वाक्य आधी म्हटलं असतं, तं आपल्याले नागपूरले जा लागलं नसतं.”

मामा त्यावर पहिल्यांदा हसले.

दुसऱ्या दिवशी पातीला लागताना तू पदर खोचलास, सगळ्यांकडे पाहिलंस आणि म्हणालीस, “बायांनो, हे सारं खोटं आहे बरं.”

“मालूम आहे,” सखूमाय म्हणाली. “चाल पुढं.”

मला वाटलं होतं, ते वाक्य ऐकलं की गोष्टीतली हवा निघून जाईल. झालं भलतंच. बाया त्या वाक्याचीच वाट पाहू लागल्या. तू म्हणायचीस आणि सगळं वावर एका आवाजात ‘मालूम आहे’ म्हणायचं. वस्तीतली पोरं खेळ मांडताना तेच म्हणू लागली. असं का झालं, हे मला समजलं नाही. मी तुला विचारलंही होतं, “खोटं आहे हे सांगितल्यावर त्यांना ऐकावंसं का वाटतं?”

तू म्हणालीस, “एकदा वाचून पाहा ना, भाऊजी. शरद आहे. हात कामात राह्यते, डोकं मोकळं राह्यते, हवा अशी साफ की दूरचं जवळ दिसते. उन्हाळ्यात डोकं तापते, पावसात माणूस आपल्याच गळत्या घराचा विचार करते. हे वाचाचे दिवस हेच.”

“सवड झाली की वाचीन.”

“तुमची सवड आन माही उडती खाट. दोन्ही कोनी पाह्यली नाई.”

मागच्या शरदात तू ‘सतरावा दरवाजा’ घेतलंस. दिवाळीच्या सुटीत मी त्यातल्या काही पाती ऐकल्या, बांधावर बसून, वर्तमानपत्र वाचत असल्याचं सोंग करून. एक राजपुत्र, एक जुना किल्ला, एकामागे एक सतरा दरवाजे. आणि चिमा. चिमा ही वेचणीवाली, राजपुत्रापुढे दिवा धरायला घेतलेली. दरवाजा दिसला की राजपुत्र तलवार उपसे, आणि चिमा म्हणे, “थांबा मालक, आधी विचारू तं द्या.” मग ती दिवा उंच धरून दरवाज्याला कारण विचारी, “तू बंद काऊन आहेस?”

दरवाजा म्हणे, “मी आधीपासून बंद आहो.”

“कोनासाठी?”

दरवाज्याला उत्तर येत नसे. मग तो लाजून उघडे.

दर दरवाज्याला चिमाचा प्रश्न वेगळा. बाया वेचता वेचता आपले प्रश्न सुचवायच्या. तानीने एकदा सुचवलेला प्रश्न असा होता, की तो इथे छापता येणार नाही. त्या दरवाज्याची कडीच गळून पडली असती. राजपुत्राला भूक लागली की चिमा त्याला भाकर आणि ठेचा द्यायची आणि तो हाय हाय करत पाणी मागायचा. मी सोंग विसरून हसलो होतो. तू ते पाहिलंस.

शेवटच्या वेच्याच्या दिवशी चिमा सतराव्या दरवाज्यापाशी आली. तिने तोंड उघडलं. पण तिच्याआधी दरवाजाच बोलला. म्हणाला, “आजवर तू विचारलंस. आता मी विचारतो.”

आणि पात संपली. कापूसही संपला.

वर्षभर लोकांनी तुझा पिच्छा पुरवला. विहिरीवर, दळणाला, लग्नात. दरवाज्याने काय विचारलं? तू म्हणायचीस, “शरद येऊ द्या. उन्हाळ्यात तो दरवाजा उघडत नाई.” मी म्हणालो, “ही अंधश्रद्धा झाली.” तू म्हणालीस, “नाई, ही हुशारी झाली. आताच सांगितलं तं पातीले कोन येईन?”

दादालाही तू सांगितलं नाहीस. स्वतःच्या नवऱ्याला.

तापात मी तुझ्याजवळ बसलो होतो. वैद्य येऊन गेला होता, डॉक्टर येऊन गेला होता. तू डोळे उघडून म्हणालीस, “वाचलं का?” मी नाही म्हणालो. “मंग भांडता कशाच्या जोरावर?” म्हणालीस आणि कूस बदललीस. तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं ते. मला तेव्हा म्हणायचं होतं, की बरी हो, भांडायला दुसरं कोणी नाही. मी म्हणालो, “पाणी देऊ?”

तू गेलीस ती बातमी निंदणाला गेलेल्या बायांना वावरात कळली. सखूमाय तशीच खाली बसली, हातात तणाची मूठ. तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, “कोनी म्हना ना वो. हे सारं खोटं आहे म्हना.”

कोणी म्हटलं नाही.

तुझ्यानंतर दादाने पेटी माझ्यासमोर आणून ठेवली. दादाला वाचता येत नाही. तो म्हणाला, “घेऊन जा. इथं वाळवी लागन.” मी बांधाबांध करत होतो तर तो दारात उभाच राहिला. मग जमिनीकडे पाहत म्हणाला, “चिमाचं काय झालं, ते पाहून सांगजो.”

तेवढ्यासाठी मी वाचायला बसलो. छापखान्यातून प्रुफं तपासून आलो की खोलीच्या पायरीवर, संध्याकाळचा उजेड असेपर्यंत. तू लावलेल्या क्रमानेच. आता वाचकांनो, इकडे लक्ष द्या, शिफारस करतो आहे.

‘उलट्या नदीचा मुलूख’ पाऊस नुकता सरला असताना वाचा, नाल्याचं पाणी निवळतं तेव्हा. भाषा जड आहे, राजाच्या दरबाराचं वर्णन संपता संपत नाही. पण त्या मुलुखात नदी खालून वर जाते, म्हणून पाणी आधी खालच्यांना मिळतं. खालचे भरतात, पितात, आणि उरलेलं वर जातं. वरचे घडे घेऊन वाट पाहतात आणि पाणी निर्मळ आहे ना म्हणून खालच्यांना नम्रपणे विचारतात. मी पुस्तक मिटलं. नदीच्या खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्यांत माझी माय होती, आजी होती. पाणवठ्याच्या प्रश्नावर मी तीन पत्रकं लिहिली आहेत. त्यांत हे मला सुचलं नाही. लेखकाच्याही ध्यानीमनी हे नसावं. त्याला फक्त एक नदी उलटी करून पाहायची होती. एक गोष्ट उलटी करून पाहिली की केवढं दिसतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. तू सांगितलं होतंस.

‘मुक्या नगराची राजकन्या’ कोजागिरीच्या सुमाराला वाचा. एका जादूगाराने सगळ्या नगराचे आवाज मडक्यांत कोंडून ठेवले आहेत आणि राजकन्या आपला आवाज शोधत प्रत्येक मडक्याला कान लावत फिरते. दागिन्यांची वर्णनं खुशाल गाळा. दुसऱ्यांचे आवाज तिच्या कानात बोलतात ती पानं गाळू नका. मला ती वाचताना आपलं ते मुकं वावर दिसलं. तू त्या दिवशी गोष्ट का सुरू केलीस, हे मला तेव्हा कळलं. मी गाणी बंद करून घरी गेलो होतो. पुढचं काम तू केलंस.

माझे आक्षेप कायम आहेत. दोन्ही पुस्तकांत एकही माणूस स्वयंपाक करत नाही, एकही माणूस पेरत नाही, आणि शहाणपण सगळं प्रधानजीकडे. संपादकांनी हे वाक्य गाळू नये.

आणि मग ‘सतरावा दरवाजा’. ते पहिल्या वेच्यापासून दिवाळीपर्यंत वाचायचं, असं तू सांगून ठेवलं होतंस. मी थांबलो नाही, एका सुटीच्या दिवशी सकाळी बसलो. पहिला दरवाजा आला. राजपुत्राने मंत्र म्हटला, तलवार मारली, दरवाजा उघडला. मी चिमाची वाट पाहत होतो. दुसऱ्याला मंत्र, तलवार. तिसऱ्याला तेच. मी पानं मागे उलटली, मला वाटलं काही फाटलं असेल. पानं सलग होती. भाकर नाही, ठेचा नाही, राजपुत्र महिनोन्महिने उपाशी हिंडतो आणि त्याचं पोट एकदाही बोलत नाही. सतरावा दरवाजाही तलवारीने उघडतो, आत सिंहासन असतं, राजपुत्र त्यावर बसतो, समाप्त.

चिमा पुस्तकात नाही, वहिनी.

मी पुन्हा पहिल्यापासून ओळीवर बोट ठेवून वाचलं, प्रुफं वाचतो तसं. तेव्हा मधेच कुठेतरी एक वाक्य सापडलं : ‘दासी दिवा धरून मागे उभी राहिली.’ तिला नाव नाही. त्यानंतर ती पुन्हा कुठे येत नाही. दिवा खाली ठेवला की नाही, हेसुद्धा लेखकाने लिहिलं नाही. ती अजून तिथे उभी असेल.

त्या एका वाक्यातून तू तिला बाहेर काढलंस. नाव दिलंस, तोंड दिलंस, पुढे आणलंस, आणि आम्हाला कोणाला पत्ता लागू दिला नाहीस. मला एकदा तरी सांगायचं होतंस. पण मी काय म्हणालो असतो, तेही मला ठाऊक आहे. म्हणालो असतो, “म्हणजे छापलेल्या खोट्यात तू आणखी आपलं खोटं घातलंस?”

आता माझी अडचण बघ. दादाला शेवट हवा आहे. बायांना हवा आहे. आणि मी छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणारा माणूस. छापलेलं मी वाचलं, तर त्यात त्यांना हवी ती बाईच नाही. पुस्तक वाचून दाखवावं, तर चिमा मेली असं सांगण्यासारखं आहे. आणि तू जे सांगणार होतीस ते तुझ्याबरोबर गेलं. की गेलं नाही? हेच ते कोडं.

परवा पहिला वेचा होता. मी वडनेरला गेलो, पुस्तक काखेत धरून. मालकाकडचा दहीभात आला, सखूमायने तो पळसाच्या पानांवर वाढला. भात खाऊन बाया पातीला लागल्या. इतक्यात दादा आला. कमरेला धोतराचा तुकडा ओटीसारखा बांधलेला. आपल्याकडे पुरुष वेचायला सहसा लागत नाहीत. वस्तीच्या नात्याने दादाला जेठ मानणारी तानी म्हणाली, “जेठजी, बोंडं तोडू नका हं, कापूस काढाचा असते.” दादा तानीच्या शेजारची पात धरून उभा राहिला. ती पात तुझी होती.

सखूमाय माझ्याकडे वळली. “पत्रकवाले बाबू, पुस्तक आनलं ना? मंग वाच. काय विचारलं दरवाज्यानं?”

मी पुस्तक उघडलं. शेवटचं पान माझ्या समोर होतं, ठळक अक्षरांत, सिंहासनासकट. मी ते मिटलं आणि बांधावर ठेवलं. दादाच्या बाजूच्या ओळीत शिरलो. हात बोंडाला लावला. काय बोलायचं ते माझ्याजवळ नव्हतं. फक्त पहिलं वाक्य होतं, आणि ते मीच निंबाखाली तुझ्यावर लादलेलं.

“बायांनो,” मी म्हणालो, “हे सारं खोटं आहे बरं.”

सखूमायचा आवाज आला, जरा फाटका. “मालूम आहे.” आणि मागून सगळं वावर, “मालूम आहे.” दादाचा आवाज त्यात होता. तो सगळ्यांच्या नंतर आला.

“चाल पुढं,” सखूमाय म्हणाली.

तेव्हा मला उमगलं, की ते वाक्य ऐकल्यावर बायांना का ऐकावंसं वाटायचं. ज्यांना जन्मभर ‘हे खरं आहे, मान’ असंच सांगितलं गेलं, त्यांना पहिल्यांदा कोणी तरी मानण्याची सक्ती न करता काही देत होतं. पण हे मी फार लांबवत नाही. तू असतीस तर म्हणाली असतीस, पात चालू आहे, पत्रक नंतर.

मी म्हणालो, “दरवाज्यानं विचारलं, चिमा, तुह्या हातात काय आहे?”

“दिवा,” तानी म्हणाली.

“चिमा म्हणाली, दिवा. दरवाज्यानं विचारलं, कोणासाठी? चिमा म्हणाली, मालकाले दिसावं म्हणून. दरवाजा म्हणाला, सोळा दरवाजे तू उघडले. वाट तू काढली. मंग दिवा तू काऊन धरून आहेस?”

वेचणारे हात थांबले होते. मी पुढे चालत होतो, कारण थांबलो असतो तर पुढचं सुचलं नसतं.

“चिमाले उत्तर आलं नाही. आजवर दरवाज्यांले आलं नव्हतं, तसं तिलेही आलं नाही. तिनं दिव्याकडं पाहिलं. मग ती मागं वळली आन दिवा राजपुत्राच्या हातात दिला. म्हणाली, धर. मालक म्हणाली नाही.”

माझ्या पायांना बांध लागला. पात संपली होती. मी थांबलो.

सखूमाय मागून आली, ओटी गाठोड्यात रिकामी केली आणि म्हणाली, “शेवंतानं असं नसतं सांगितलं.”

“मग कसं सांगितलं असतं?”

“ते मले काय मालूम? पर दिवा दिला ते बरं केलं.”

दादाच्या ओटीत सगळ्यांत कमी कापूस होता आणि त्यात निम्मा पालापाचोळा. तो पाला निवडत बसला. निवडता निवडता म्हणाला, “आत काय आहे रे?”

पुस्तकात आहे ते सिंहासन तर नक्कीच नाही, एवढंच मला ठाऊक आहे. बाकी काही मी ठरवलेलं नाही. पातीला लागेपर्यंत मला पहिला प्रश्नसुद्धा ठाऊक नव्हता. म्हणून आता विचारतो, वहिनी, आणि या वेळी आवाज न वाढवता : वर्षभर आम्हाला झुलवत ठेवलंस, तेव्हा तुला तरी माहीत होतं का? की पात धरल्यावरच तूही पाहणार होतीस?